एकांडा शिलेदार: २,१४,७४,८३,६४७

दिवाळीचे लाडू वळून झाले की ते परातीत रांगेने मांडून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लाडू चोवीस असतील तर काहीच अडचण नाही. सहा-सहांच्या चार रांगा करा, आठ-आठांच्या तीन करा, नाहीतर बारा-बारांच्या दोन करा. सगळ्या रांगा सारख्या. पण कोणी जाताजाता एक लाडू लांबवला आणि तेवीसच राहिले की पंचाईत! दोन-दोनांनी मांडा, तीन-तीनांनी मांडा, पाच-पाचांनी मांडा. शेवटची रांग लंगडी ती लंगडीच. तेवीस लाडवांची सरळ मांडणी एकच, आणि ती म्हणजे सगळे एका ओळीत. जी संख्या अशी सारख्या रांगांत बसत नाही, जिला १ आणि ती स्वतः ह्यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, तिला गणितात मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ ही त्या कुळातली लहान मंडळी. ह्यांच्या गुणाकाराने ज्या तयार होतात त्या संयुक्त संख्या.

लहान मूळ संख्या पाढे पाठ असलेल्या कोणत्याही मुलाला ओळखता येतात. ह्या सदराच्या वाचकांना आज जिची ओळख करून द्यावयाची आहे ती मात्र चांगली दहा आकडी आहे: २,१४,७४,८३,६४७. वाचावयाची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एवढे लाडू कोणी वळले असते तर तेही एकाच ओळीत मांडावे लागले असते! ही संख्या जवळजवळ शंभर वर्षे जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणून मिरवली. एका विद्वान इंग्रजाने तर तिच्यापुढे ह्या वाटेने कोणी जाणार नाही असे भाकीत केले, आणि त्याचे कारण दिले की असल्या गोष्टींचा उपयोग काही नाही. भाकीतही चुकले आणि कारणही चुकले. ते कसे, हीच आजची गोष्ट.

पटावरचे दाणे

बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या चतुर माणसाने राजाकडे इनाम म्हणून धान्याचे दाणे मागितले, ही गोष्ट आपल्या घरी आजोबांनी नातवंडांना सांगण्याची आहे. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट. राजा हसला, आणि मग त्याची कोठारे रिकामी झाली. आपण चौसष्टाव्या घरापर्यंत न जाता एकतिसाव्या घरापाशीच थांबू. तिथपर्यंतच्या सगळ्या दाण्यांची बेरीज करा. ती बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरते. एक दाणा कमी नाही की एक जास्त नाही. तांदळाचा दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला तर हे तांदूळ सुमारे ४३ टन होतात. दहा-दहा टनांच्या चार मालमोटारी भरून वर जवळजवळ तीन टन उरावेत एवढे.

ह्या बेरजांत एक मौज आहे. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकाने कमी असते. तीन घरांची बेरीज १ + २ + ४ म्हणजे ७, आणि चौथ्या घरात दाणे ८. म्हणून आपल्या संख्येला गणिती लोक '२ चा ३१ वा घात वजा १' असे म्हणतात. लिहावयास तेच सोपे.

आता बेरजा ओळीने पाहा. दोन घरांची ३, तीन घरांची ७, चारांची १५, पाचांची ३१, सहांची ६३, सातांची १२७. ह्यांत ३, ७, ३१ आणि १२७ मूळ आहेत. १५ आणि ६३ संयुक्त. घरांची संख्या संयुक्त असली की बेरीजही संयुक्तच असते, आणि ते पटावर डोळ्यांनी दिसते. सहा घरांच्या दोन-दोनांच्या तीन जोड्या करा: पहिल्या जोडीत १ आणि २ मिळून ३, दुसरीत ४ आणि ८ मिळून १२, तिसरीत १६ आणि ३२ मिळून ४८. प्रत्येक जोडी ३ ची पट, म्हणजे सगळी बेरीज ३ ची पट. चौसष्ट घरांच्या पुऱ्या पटालाही हाच न्याय लागतो. राजाला द्यावे लागलेले दाणे ३ ने निःशेष भागले जातात.

मग घरांची संख्या मूळ असली की बेरीजही मूळ असणार काय? २, ३, ५ आणि ७ ह्या चारही घरांनी होय म्हणून साक्ष दिली. पण अकराव्या घराने दगा दिला. अकरा घरांची बेरीज २,०४७, आणि २३ गुणिले ८९ बरोबर २,०४७! म्हणजे मूळ घरांपैकी कोणते घर खरे बोलते आणि कोणते दगा देते हे एकेक करून तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

ही तपासणी बोलोन्याच्या पिएत्रो कातल्दी ह्या गणितज्ञाने १५८८ पर्यंत १७ आणि १९ ह्या घरांपर्यंत नेऊन सिद्ध केली. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ ही घरेही खरी असल्याचे सांगून टाकले. त्यांत २३ खोटे निघाले. त्या बेरजेला ४७ ने भाग जातो. २९ खोटे, तिला २३३ ने भाग जातो. ३७ खोटे, तिला २२३ ने. चारांतले एकटे ३१ तेवढे टिकले. १६४४ मध्ये मारँ मेर्सेन ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाने २५७ पर्यंतच्या खऱ्या घरांची यादी छापली. तीत ३१ होते. यादीत चुका होत्या, तरी ह्या जातीच्या मूळ संख्यांना आजही मेर्सेनचेच नाव आहे.

ह्या संख्यांचा एवढा सोस का, असे कोणी विचारील. त्याला जुने कारण आहे. ६ ला १, २ आणि ३ ह्यांनी भाग जातो, आणि १ + २ + ३ बरोबर ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७ आणि १४. बेरीज पुन्हा २८. अशा संख्यांना ग्रीकांनी परिपूर्ण म्हटले. युक्लिडने त्या मिळवण्याची कृती सांगून ठेवली आहे: पटावरच्या घरांची बेरीज मूळ आली की तिला शेवटच्या घरातल्या दाण्यांनी गुणा. तीन घरांची बेरीज ७, शेवटच्या घरात ४, गुणाकार २८. पाच घरांची ३१, शेवटच्या घरात १६, गुणाकार ४९६. एकतीस घरांची बेरीज मूळ असेल तर तिच्यापासून एकोणीस आकडी परिपूर्ण संख्या मिळणार: २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. सगळे त्या 'असेल तर' वर अडलेले.

दृष्टी गेलेल्या माणसाचा हिशेब

ही अडलेली गाडी लेओनार्ड ऑयलर ह्या स्विस गणितज्ञाने पुढे काढली. तो तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्गला होता. एक डोळा तरुणपणीच अधू झालेला. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला आणि १७७१ च्या शस्त्रक्रियेनंतर तोही जवळजवळ गेला. मुलगे आणि शिष्य लिहून घेत, आणि हा तोंडाने सांगे. १७७२ मध्ये त्याने बर्लिनच्या बर्नूलीला पत्राने कळवले की एकतीस घरांची बेरीज मूळच आहे.

हे त्याने कसे ठरवले ते पाहण्यासारखे आहे. एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा विभाजक तिच्या वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० आणि थोडे वर. तेवढ्यापर्यंतच्या मूळ संख्या सुमारे ४,८०० आहेत. प्रत्येकीने भाग देऊन बाकी उरते की नाही हे पाहावयाचे म्हणजे दहा आकडी संख्येचे ४,८०० भागाकार, आणि तेही न चुकता. हे काम एका माणसाच्या धीराबाहेरचे नव्हे, पण शहाणा माणूस आधी विचारतो की एवढ्यांतल्या किती जणांना दाराशीच परत पाठवता येईल?

ऑयलरजवळ त्यासाठी दोन चाळण्या होत्या. पहिली चाळणी फेर्माने सांगितलेली: घरांची संख्या मूळ असेल तर बेरजेच्या कोणत्याही विभाजकाला घरांच्या संख्येच्या दुपटीने भागल्यास बाकी १ च उरते. अकरा घरांचे उदाहरण घ्या. दुप्पट २२. विभाजक २३ आणि ८९; दोघांनाही २२ ने भागले की बाकी १. दुसरी चाळणी अशी की विभाजकाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २३ ला ८ ने भागा, बाकी ७. ८९ ला भागा, बाकी १. दोन्ही चाळण्यांतून दोघेही सहीसलामत गेले.

आता एकतीस घरांच्या बेरजेला ह्या दोन्ही चाळण्या लावा. दुप्पट ६२. म्हणजे उमेदवार ६३, १२५, १८७, २४९, ३११ असे बासष्ट-बासष्टांच्या अंतराने येणार. आणि त्यांतूनही १२५ आणि १८७ सारखे निम्मे दुसऱ्या चाळणीत गळणार. उरतात ते २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून होणारे आकडे. ६३ तर ७ गुणिले ९ म्हणून उघडच बाद. ४६,३४० च्या आत असे उमेदवार राहिले फक्त ३७२, आणि त्यांतलेही पुष्कळ स्वतःच संयुक्त. २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, त्याला कशाला विचारावयाचे? पहिला खरा उमेदवार ३११. त्याने आपल्या संख्येला भागा: भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. बाद! पुढे चला. शेवटच्या उमेदवारापर्यंत प्रत्येक वेळी काहीतरी बाकी उरली, आणि एकतिसाव्या घराचा निकाल लागला.

ज्याला कागद दिसत नव्हता त्याने चार हजार आठशेंचे काम पावणेचारशेंच्या आत आणून ठेवले. डोळ्यांनी न दिसलेल्या वाटा त्याला नियमांनी दाखवल्या.

बार्लोसाहेबांचा निकाल

पीटर बार्लो हा इंग्लंडातील वुलिचच्या लष्करी विद्यालयातला गणिताचा शिक्षक. माणूस सामान्य नव्हे. त्याने तयार केलेली वर्ग, घन आणि मुळांची कोष्टके विसाव्या शतकातही हिशेबनिसांच्या आणि इंजिनिअरांच्या टेबलावर असत. दुर्बिणीत त्याच्या नावाचे भिंग आजही वापरतात. ह्या बार्लोने १८११ मध्ये संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि त्यात ऑयलरच्या संख्येविषयी मत देऊन टाकले. मताचा सारांश असा: हिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या ही माणसाला सापडणारी बहुधा शेवटचीच, कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत, तेव्हा ह्यापुढची शोधण्याच्या भरीला कोणी पडेल असे दिसत नाही.

मत वाजवी वाटते, नाही? व्यवहारी माणूस असेच बोलणार. आपल्या घरातही मूल एखाद्या गोष्टीत रमले की पहिला प्रश्न हाच येतो: 'ह्याचा उपयोग काय? परीक्षेला आहे काय?'

बार्लो १८६२ मध्ये वारला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८६७ मध्ये, लांद्री नावाच्या फ्रेंच गृहस्थाने एकोणसाठ घरांच्या बेरजेचे विभाजक काढले आणि त्यात ३२,०३,४३,१७,८०,३३७ ही तेरा आकडी मूळ संख्या हाती लागली. ऑयलरच्या संख्येचा सर्वांत मोठेपणाचा मान संपला. १८७६ मध्ये एदुआर लूका ह्या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाने एकशे सत्तावीस घरांची बेरीज मूळ असल्याचे दाखवले. ती एकोणचाळीस आकडी! तिच्याबरोबर मोठी परिपूर्ण संख्याही आली आणि बार्लोचे भाकीत पुरते कोसळले.

एकोणतीस पायऱ्या

लूकाने एकोणचाळीस आकडी संख्येला भागाकार करकरून तपासले असेल काय? शक्यच नाही, चाळण्या कितीही बारीक केल्या तरी जन्म पुरला नसता. त्याने भागाकाराची वाटच सोडून दिली. त्याच्या रीतीला पुढे १९३० मध्ये डी. एच. लेमर ह्या अमेरिकन गणितज्ञाने जे सुटसुटीत रूप दिले ते शाळकरी मुलालाही करता येईल असे आहे.

४ पासून आरंभ करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासावयाच्या संख्येने भागा आणि बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया. घरांच्या संख्येपेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या करावयाच्या. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर संयुक्त. पाच घरांची बेरीज ३१ घेऊ. पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. ३१ मूळ! अकरा घरांच्या २,०४७ ला हीच कसोटी लावा. नऊ पायऱ्यांनंतर शून्याऐवजी १,७३६ उरतात, संख्या संयुक्त. सुट्टीत मुलांनी सातव्या घराची १२७ ही संख्या घ्यावी. पाच पायऱ्यांत १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी शून्य आले की हिशेब बरोबर.

ऑयलरच्या दहा आकडी संख्येला ह्या रीतीने फक्त एकोणतीस पायऱ्या लागतात. पावणेचारशे भागाकारांच्या जागी एकोणतीस वर्ग!

ह्या कसोटीचा एक चमत्कारिक गुण आहे. संख्या संयुक्त असल्याचे ती सांगते, पण विभाजक कोणते ह्याविषयी चकार शब्द काढीत नाही. मेर्सेनच्या यादीतले ६७ वे घर खोटे असल्याचे लूकाने १८७६ मध्येच दाखवले होते. विभाजक मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ते १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत फ्रँक कोल ह्या प्राध्यापकाने मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ई. टी. बेल ह्यांनी सांगितलेली हकीकत अशी की कोल एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेला, एका बाजूला दोनाचे घात करीत गेला, दुसऱ्या बाजूला गुणाकार करीत गेला. दोन्ही उत्तरे जुळली, तो जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला ह्या प्रश्नाला त्याचे उत्तर होते, 'तीन वर्षांचे रविवार.'

यंत्राच्या पोटात

आता बार्लोच्या दुसऱ्या मुद्द्याकडे, उपयोगाकडे, वळू.

संगणकाला दहा अंक कळत नाहीत. त्याला शून्य आणि एक एवढेच कळतात. अनेक वर्षे संगणक पूर्णांक संख्या ठेवण्यासाठी बत्तीस घरांची पेटी वापरीत आले. एक घर धन की ऋण हे सांगण्यासाठी, उरली एकतीस. प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या दुप्पट, थेट आपल्या पटासारखी. सगळी एकतीस घरे भरली की पेटीत मावणारी सर्वांत मोठी संख्या होते २,१४,७४,८३,६४७. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर 'गंगनम स्टाइल' ह्या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने नेमकी हीच मर्यादा ओलांडली आणि गणकाची पेटी चौसष्ट घरांची करावी लागली. कित्येक जुन्या संगणकांत वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० ह्या दिवसाच्या आरंभापासूनच्या सेकंदांनी, आणि तीही ह्याच पेटीत. ती पेटी १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की काठोकाठ भरेल. पुढच्या सेकंदाला न सुधारलेले यंत्र उलटे पडून डिसेंबर १९०१ मधली तारीख दाखवू लागेल. म्हणून अशी यंत्रे त्याआधी शोधून दुरुस्त करण्याचे काम चालले आहे.

पण खरे सांगावयाचे तर ह्या प्रकारात आपल्या संख्येच्या मूळपणाचा काही संबंध नाही. पेटीत एकतीस घरे होती म्हणून ती तिथे आली. चौसष्ट घरांच्या पेटीची मर्यादा त्रेसष्ट घरांची बेरीज आहे, आणि ती ७ ने भागली जाते, तरी तिचे काही अडत नाही. मूळपणाचा उपयोग निराळ्याच ठिकाणी झाला.

शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना पुष्कळदा यदृच्छया निवडलेल्या आकड्यांची गरज पडते. खिडकीपाशी गिऱ्हाइके केव्हा केव्हा येतील, अणुभट्टीतला कण कुठे वळेल, अशा प्रश्नांचे नाटक यंत्रात लाखो वेळा करून पाहावयाचे तर दर वेळी फासे टाकावे लागतात. यंत्राकडे फासे नाहीत. त्याला हिशेबच करता येतो. ज्याने लूकाची कसोटी सुटसुटीत केली त्याच लेमरने १९४९ मध्ये युक्ती सुचवली: एक संख्या घ्या, ठरलेल्या गुणकाने गुणा, ठरलेल्या भाजकाने भागा, बाकी ठेवा, ती बाकी पुन्हा गुणा. बाक्या फाशांसारख्या उड्या मारतात.

भाजक मात्र जपून निवडावा लागतो. भाजक ८ आणि गुणक ३ घ्या: १, ३, १, ३, दोन पावलांत चक्र संपले. भाजक ७ घ्या, गुणक तोच: १, ३, २, ६, ४, ५ आणि मग पुन्हा १. एक ते सहा सगळे आकडे एकेकदा येऊन गेले. भाजक मूळ असला आणि गुणक योग्य निवडला की असे पुरे चक्र मिळते. १९६९ मध्ये लुईस, गुडमन आणि मिलर ह्या तिघांनी आयबीएमच्या संगणकासाठी भाजक म्हणून ऑयलरची संख्या घेतली आणि गुणक घेतला १६,८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात. एकापासून निघालात तर आकडे येतात १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३, मग ९८,४९,४३,६५८; आणि असे दोन अब्ज चौदा कोटींहून अधिक आकडे एकदाही पुनरावृत्ती न होता येत राहतात. ऑयलरने दिलेली मूळपणाची ग्वाही नसती तर ह्या चक्राचा भरवसा कोणी धरला नसता.

पुढे यंत्रे इतकी वेगवान झाली की तेवढे चक्रही अपुरे पडू लागले. १९९८ मध्ये मात्सुमोतो आणि निशिमुरा ह्या जपानी गणितज्ञांनी नवी रीत प्रसिद्ध केली. तिच्या चक्राची लांबी १९,९३७ घरांची बेरीज. ही ६,००२ आकडी मूळ संख्या टकरमन ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९७१ मध्ये शोधली होती. तेव्हाही कोणी तरी त्याला विचारले असेलच की, ह्याचा उपयोग काय? आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्या तिघांनी मूळ संख्यांवर गुप्तलेखनाची रीत उभारल्यापासून तीनशेंहून अधिक आकड्यांच्या मूळ संख्या बँकांच्या आणि सरकारांच्या गुपितांवर पहारा देऊ लागल्या.

पटाला शेवट नाही

ऑयलरच्या संख्येचा एक शेवटचा गुण सांगतो. २ चा ३ रा घात वजा १ म्हणजे ७ मूळ, आणि २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७ ही मूळ. तिच्या पुढची पायरी म्हणजे लूकाची ती एकोणचाळीस आकडी, तीही मूळ. मग आपल्या संख्येइतकी घरे असलेला पट घेतला तर? त्यावरच्या दाण्यांची संख्या लिहावयास ६४ कोटींहून अधिक आकडे लागतील. ती मूळ असेल अशी आशा वाटणे साहजिक आहे. पण ती संयुक्त आहे. तिचा एक विभाजक सापडला आहे: २९,५२,५७,५२,६६,२६,०३१. त्याला आपल्या संख्येने भागा. भागाकार १,३७,४९० आणि बाकी १. फेर्माची जुनी चाळणी इथेही चुकली नाही!

१९९६ पासून जगभरची हौशी माणसे आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ देऊन मेर्सेनच्या जातीच्या संख्या एकत्रितपणे शोधीत आली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरँट ह्याला १३,६२,७९,८४१ घरांची बेरीज मूळ असल्याचे आढळले. आजवर सापडलेल्यांत ती बावन्नावी. ऑयलरची आठवी होती. तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. पानावर अडीच हजार आकडे बसवले तरी छापावयास सोळा हजारांहून अधिक पाने लागतील. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले. पण मेर्सेनच्या जातीच्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हा प्रश्न अजून कोणालाही सुटलेला नाही.

बार्लो हिशेबात कधी चुकत नसे. त्याची कोष्टके त्याला साक्ष आहेत. तो चुकला तो माणसाच्या कुतूहलाचा अंदाज करताना. ज्या काळात शून्य-एकांची यंत्रे कोणाच्या स्वप्नातही नव्हती त्या काळात एका दृष्टी गेलेल्या माणसाने, उपयोग न विचारता, एका संख्येचा निकाल लावून ठेवला. ती संख्या कामाला लागली ती १९७ वर्षांनंतर. तेव्हा तुमच्या घरातले कोणी वहीच्या मागच्या पानावर दोनाचे घात मांडीत बसलेले दिसले तर त्याला उपयोग विचारू नका. फार तर एवढेच विचारा की, 'कितव्या घरापर्यंत आलास?' आणि जमल्यास पुढचे घर त्याच्याबरोबर करून पाहा.